स्नेहसंमेलन ठेक्याने देऊ नका: सोलापुरातल्या संस्थाचालकांना खुले पत्र

प्रति,
सोलापूर शहरातील शाळांचे संस्थाचालक, शाळा समित्यांचे सदस्य आणि मुख्याध्यापक,

स. न. वि. वि.

मी पूर्व भागातल्या एका मराठी माध्यमाच्या हायस्कुलात चित्रकला शिकवून निवृत्त झाले. माझे जुने विद्यार्थी आता पालक झाले आहेत. त्यांच्यातल्या दोघींनी दिवाळीनंतर मला मोबाइलवर आलेली एक सूचना दाखवली. त्यांच्या मुलांच्या शाळेने यंदाचं स्नेहसंमेलन एका इव्हेंट कंपनीकडे सोपवलं आहे. नाच बसवायला बाहेरचे कोरिओग्राफर येणार. स्टेज, एलईडीची भिंत, धुराचं यंत्र, निवेदक, सगळं कंपनीचं. ड्रेपरीचे, म्हणजे भाड्याच्या पोशाखांचे, पैसे ठरलेल्या तारखेपर्यंत न भरणाऱ्या मुलांना भाग घेता येणार नाही, हेही सूचनेत लिहिलं आहे. दारातली रांगोळीसुद्धा मुलं काढणार नाहीत, तिचं तयार स्टिकर येणार आहे.

शाळेचं नाव मी लिहीत नाही, कारण ही शाळा एकटी नाही. एकीने केलं की दुसरी करते, आणि पुढच्या वर्षी तिसरीला पालकच विचारतात, "तुमच्याकडे एलईडी का नाही?" म्हणून पत्र आपणा सर्वांना, आणि उघडं.

आधी पैशांची गोष्ट संपवते, कारण ती सरळ आहे. आपल्या कितीतरी शाळांमधल्या मुलांच्या आया विड्या वळतात. विड्या मोजून मजुरी मिळते. अशा घरात तीन मुलं शाळेत असली तर तीन ड्रेपऱ्यांचं भाडं कुठून येणार? मूल घरी विचारतच नाही. "मला नाचायला आवडत नाही," असं वर्गात सांगून मोकळं होतं, आणि आपण त्याच्या नावापुढे 'सहभाग नाही' लिहितो. शाळेच्या कार्यक्रमात उभं राहायला मुलाला पैसे भरावे लागणं मला मान्य नाही. यावर आणखी लिहायची गरज वाटत नाही.

दुसरी तक्रार मोठी आहे. स्नेहसंमेलनातला खरा भाग कार्यक्रमाच्या आधीचा महिनाभर चालतो, आणि नेमका तोच आपण विकून टाकला आहे.

आपल्या शहरातला वर्ग आतून कसा असतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण हे पत्र बाहेरचेही वाचतील. फळ्यावर मराठी असते. बाकांवर तेलुगू असते, कन्नड असते, दखनी असते, बंजारा तांड्यावरून येणाऱ्या मुलांची गोरमाटी असते. मैदानात सगळे "काय करलालास बे?" असं एकाच सोलापुरीत ओरडतात, त्यामुळे वरून पाहणाऱ्याला वाटतं की सगळं एक आहे. डबा खायच्या सुट्टीत मात्र गोल वेगवेगळे बसतात. पाचवीपासून एका वर्गात असलेल्या मुलांनी दहावीपर्यंत एकमेकांची घरं पाहिलेली नसतात. त्यांच्यात भांडण असतं असं नाही. एकमेकांशी काम पडत नाही, एवढंच. आता त्यात तुकड्यांची भर पडली आहे: गणित-विज्ञान इंग्रजीतून शिकणारे सेमीवाले, आणि सगळं मराठीतून शिकणारे साधे. ही भिंत कोणत्याही जातीधर्माने घातलेली नाही, आपणच वेळापत्रकात घातली आहे.

ज्यांना एकमेकांशी काम पडत नाही त्यांना काम पाडून द्यायची जागा म्हणजे गॅदरिंगचा महिना. 'एकतेचे महत्त्व' या विषयावर भाषणं ठेवून हे होत नाही. भाषण एकटा पाठ करतो आणि एकटाच बोलतो.

आम्ही एका वर्षी चार हुतात्म्यांवर नाटक केलं होतं. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेनंतर गिरण्या बंद पडल्या, शहर पेटलं, मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन यांना येरवड्यात फाशी दिलं, हे सोलापूरकराला वेगळं सांगायला नको. चौकात चौघांचे पुतळे आहेत, मुलं रोज त्यांच्यासमोरून सायकली मारतात. नाटकाला मागे गिरणीचा पडदा हवा होता. विकत किंवा भाड्याने आणायला पैसे नव्हते, म्हणून रंगवायचा ठरला.

तो कसा रंगवला ते सविस्तर सांगते, कारण माझं सगळं म्हणणं त्या कामाच्या रीतीतच आहे.

मांजरपाटाचे पन्हे शिवून एक मोठा पडदा केला. सरस उकळून त्यात व्हायटिंग, म्हणजे खडूची पांढरी पूड, कालवलं आणि त्याचा हात दिला. पडदा वाळल्यावर हॉलच्या फरशीवर पसरला. मी कागदावर गिरणीचं चित्र काढलं होतं, त्यावर एकेक इंचाच्या चौकटी पाडल्या होत्या. पडद्यावर त्याच चौकटी एकेक फुटाच्या पाडायच्या होत्या. त्यासाठी सुतळी गेरूच्या पाण्यात भिजवायची, दोघांनी दोन टोकांना ताणून धरायची आणि तिसऱ्याने मधोमध उचलून सोडायची. फट्‌कन सरळ रेघ उठते. हे काम एकट्याला जमत नाही. दोघांनाही नाही. तिसरा लागतोच, आणि दोन टोकांवरच्यांनी एकमेकांकडे बघितलं नाही तर रेघ तिरकी जाते. सेमीतली कायम पहिली येणारी मुलगी एका टोकाला, क तुकडीतला दोनदा नापास झालेला मुलगा दुसऱ्या टोकाला. तोवर त्यांनी एकमेकांशी शब्द बोललेला नव्हता. "ताण की गं!" हा पहिला.

मग चौकटी वाटल्या. ज्याला त्याला आपापली. वाटताना मी एक लबाडी केली. जी मुलं एकमेकांशी बोलत नाहीत त्यांना मुद्दाम शेजारच्या चौकटी दिल्या. आता गिरणीचं धुराडं काही एका फुटात मावत नाही, ते खालून वर पाच-सहा चौकटींतून जातं. खालचीने धुराडं डावीकडे सरकवलं की वरच्याचं धुराडं हवेत तरंगतं. चूक कुणाची हे ठरवण्यासाठी दोघांनाही मूळ कागदाशी यावं लागतं, मोजावं लागतं, आणि कुणीतरी एकाने पुसावं लागतं. हॉलमध्ये दिवसभर हीच भांडणं. पण ती धुराड्यावरून होती. तू कोण, मी कोण, यावरून नव्हती. जोराजोरात भांडणारी ती मुलं पाहून मला बरं वाटायचं, आणि मुख्याध्यापक दारातून डोकावून काळजीत पडायचे.

वर सांगितलेल्या क तुकडीतल्या मुलाचे वडील जेकार्ड मागावर विणायच्या चादरींचे डिझाइन काढायचे. आलेखाच्या कागदावर चौकटी मोजत फूल मोठं करणं तो मुलगा घरात लहानपणापासून बघत होता. भूमितीत काठावर पास होणाऱ्या त्या मुलाला चौकटींचं सगळं गणित बोटांवर होतं. दुसऱ्या दिवसापासून सेमीची मुलं त्याला विचारायला लागली. दुसऱ्या एकाच्या घरी सूत रंगवायचं काम होतं. आम्ही कालवलेला विटकरी रंग बघून तो म्हणाला, "बाई, वाळल्यावर फिका पडतंय." कापडाच्या तुकड्यावर लावून वाळवून पाहिलं, आणि पडलाच. परीक्षेत या दोघांना काय येतं ते आपल्या प्रश्नपत्रिकेत कधीच विचारलेलं नसतं. पडद्याने विचारलं.

भूमिका चिठ्ठ्या टाकून ठरल्या. कुर्बान हुसेन एका तेलुगू पद्मशाली मुलाकडे आला, धनशेट्टी एका मुसलमान मुलाकडे, जगन्नाथ शिंदे एका मुलीकडे. एका घरून कुरबुर झाली. आजोबा शाळेत आले. मी त्यांना समजवायला काहीतरी जुळवत होते, तोवर ते रंगीत तालीम बघायला बसले. संपल्यावर एवढंच म्हणाले, की फेटा नीट बांधलेला नाही. आणि उठून त्यांनी तो स्वतः बांधून दिला. प्रयोगाच्या दिवशीही तेच आले बांधायला.

मी समाजसुधारक नाही. मला पडदा वेळेत हवा होता. पण मुलं एकत्र येण्याची ही रीत पुढे मला अभ्यासलेल्या लोकांच्या म्हणण्यातही सापडली. गॉर्डन ऑलपोर्ट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये मांडलं, की वेगवेगळ्या गटांतली माणसं नुसती शेजारी बसवून पूर्वग्रह जात नाहीत, त्याला चार गोष्टी लागतात: दर्जा सारखा हवा, ध्येय एक हवं, ते गाठायला एकमेकांची गरज पडायला हवी, आणि वरच्या अधिकाऱ्यांचा या सगळ्याला पाठिंबा हवा. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन वंशाच्या मुलांच्या शाळा एकत्र केल्यावर वर्गात मारामाऱ्या होऊ लागल्या, तेव्हा १९७१ मध्ये एलियट ॲरन्सन यांनी धड्याचे तुकडे करून प्रत्येक मुलाला एकेक दिला. सगळ्यांचे तुकडे ऐकल्याशिवाय कुणालाच धडा पुरा कळणार नव्हता. आमच्या चौकटींचा पडदा याहून वेगळा काय होता? पहिल्या तीन गोष्टी कुठलाही बरा कलाशिक्षक फरशीवर कापड पसरून जमवू शकतो. चौथी, म्हणजे वरून पाठिंबा, तुमच्या हातात आहे. पत्र लिहायचं कारण ती चौथी गोष्ट.

दूरची उदाहरणंही नकोत. १९४४ च्या सुमारास मुंबईत लालबावटा कलापथक उभं राहिलं ते अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या तिघांनी. अण्णाभाऊ वाटेगावच्या मातंग वस्तीतले, अमर शेख आपल्याच जिल्ह्यातल्या बार्शीचे. तिघांचे विचार जुळले होते हे खरंच, पण तिघांना बांधून ठेवलं ते रोजच्या कामाने: एकाने लिहायचं, दुसऱ्याने गळा लावायचा, मागच्यांनी झील धरायची, म्हणजे मागून सूर धरून साथ करायची. झीलकऱ्याशिवाय शाहीर उभा राहू शकत नाही. आपण मुलांना अण्णाभाऊंची जयंती साजरी करायला लावतो, फोटोला हार घालतो, आणि कलापथक मात्र इव्हेंट कंपनीचं आणतो.

आता कोणी म्हणेल की कोरिओग्राफरने बसवलेल्या नाचातही वीस-वीस मुलं असतात, मग ते काय एकत्र काम नाही? नाही. मी तालमी पाहिल्या आहेत. प्रत्येक मूल समोरच्या माणसाकडे बघून तीच हालचाल करतं, शेजारच्याकडे बघत नाही. बघितलं तर ओरडा बसतो. एक मूल आजारी पडलं तर ओळ सरकवून घेतात आणि काही अडत नाही. ज्याच्या नसण्याने काही अडत नाही, त्याच्याशी जुळवून घ्यायची गरजही कुणाला पडत नाही. गाणं ध्वनिमुद्रित, त्यामुळे पेटी नाही, ढोलकी नाही, कोरस नाही. पडद्यामागे तर कुणीच नाही. पडदा ओढणारा, प्रवेशाआधी खुर्ची ठेवणारा, पुढचं वाक्य कुजबुजणारा, बांगड्या वाटणारी, ही सगळी मुलं गेली. स्टेजवर यायला लाजणाऱ्या मुलांची शाळेतली हीच एक जागा होती.

तुकड्यांचं तर विचारूच नका. नाच तुकडीवार बसवतात, म्हणजे सेमीचा वेगळा, मराठीचा वेगळा. कंपनीला सोयीचं पडतं, हजेरी एका वर्गाची घेता येते. ज्या एका महिन्यात ही भिंत थोडी पडायची, त्यातही ती आपण रंगवून उभी केली.

आणि कलाशिक्षक. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी, शंभराहून जास्त पट असलेल्या शाळेत, कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभव यांसाठी अंशकालीन निदेशक असावेत असं स्पष्ट लिहिलेलं आहे. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण कलेतून शिकवण्याचा आग्रह धरतं. कागदावर काही कमी नाही. प्रत्यक्षात चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या सरांना राहिलेला धडा उरकायला मिळालेली जागा. कलाशिक्षक निवृत्त झाला की पद रिकामं राहतं. आहेत ते मतदार याद्यांच्या कामाला, नाहीतर कुठल्यातरी पाहुण्यांच्या स्वागताचा फलक लिहायला. आता तर फलकही फ्लेक्सवर छापून येतो. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या सरकारी परीक्षांना मुलं बसतात ती दहावीला जादा गुण मिळतात म्हणून. त्यात वाईट काही नाही, पण त्या परीक्षेत प्रत्येक जण आपापल्या कागदावर एकटाच असतो.

तुमची बाजू मला माहीत नाही असं नाही. इंग्रजी माध्यमाच्या शाळा पट पळवतात. त्यांचे झगमगीत व्हिडिओ पालक बघतात आणि तसंच मागतात. शिक्षकांवर ऑनलाइन माहिती भरण्याची इतकी कामं आहेत की पडदा रंगवायला कुणाला सांगायचं, हा प्रश्न खरा आहे. कंपनीला एकदा चेक दिला की डोक्याचा ताप मिटतो, हेही खरं. शिवाय जुनी गॅदरिंगं आदर्श होती असा माझा दावा नाही. मुख्य भूमिका ठरलेल्या चार घरांतच फिरायच्या. रांगोळी मुलींची आणि स्टेज बांधणं मुलांचं, हे कुणी न सांगता ठरलेलं असायचं. नाटकाचं नाव मराठी, पण तेलुगू बोलणाऱ्या मुलाच्या उच्चाराला हसणारे शिक्षकही मी पाहिले आहेत. म्हणून मी 'जुनं परत आणा' असं म्हणत नाही. माझं मागणं वेगळं आणि मोजकं आहे.

एक. स्नेहसंमेलनातले निम्मे कार्यक्रम तरी मुलांनी स्वतः घडवलेले असावेत. म्हणजे संहिता किंवा गाणं त्यांनी लिहिलेलं किंवा निवडलेलं, संगीत जिवंत, नेपथ्य त्यांच्या हातचं. उरलेल्या निम्म्यात तुम्हाला हवा तो झगमगाट करा, माझी तक्रार नाही. फक्त थर्माकोलच्या कमानी नकोत, राज्यात २०१८ पासून त्या सजावटीवर बंदी आहे आणि शाळेच्या दारातच ती मोडली जाते.

दोन. गट तुकडीवार करू नका. सेमी आणि मराठी, मुलं आणि मुली, सगळ्यांची नावं एका डब्यात घाला आणि चिठ्ठ्या उचला. भूमिकाही तशाच, पडद्यामागची कामंही तशीच. एकट्याला बक्षीस बंद करा, द्यायचं तर गटाला द्या.

तीन. ड्रेपरीच्या नावाखाली मुलांकडून एक रुपयाही घेऊ नका. आपल्या शहरात चादरीच्या, टॉवेलच्या कारखान्यांतून निघणारं खराब कापड आणि चिंध्या यांना तोटा नाही. कारखानदार मागितलं तर देतात, मी मागून आणलेलं आहे.

चार. दिवाळीनंतर स्नेहसंमेलनापर्यंत चित्रकला आणि कार्यानुभवाचे तास कुणालाही बदलून देऊ नका. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' सुरू झाला आहे, ते शनिवारही या कामाला द्या. शिक्षकांकडे घरचा वेळ मागायची वेळच येणार नाही.

पाच. कंपनीला जाणाऱ्या पैशांतून आधी रंग, कापड, दोरा, आणि एक ढोलकी व एक पेटी दुरुस्त करून घ्या. मग उरलेल्याचं काय करायचं ते ठरवा. त्याचा हिशोब पालकसभेत वाचून दाखवा.

सहा. कार्यक्रमपत्रिकेत पडदा ओढणाऱ्या मुलाचंही नाव छापा.

यंदाचे करार झाले असतील तर ते मोडा असं मी म्हणत नाही. यंदा निदान पैसे न भरलेल्या मुलांना बाहेर ठेवू नका आणि एक कार्यक्रम तरी मुलांवर सोडा. पुढच्या वर्षासाठी मात्र उन्हाळ्याच्या सुट्टीआधी पालकसभा घेऊन हा विषय मांडा आणि काय ठरलं ते शाळेच्या फलकावर लावा. मला व्यक्तिशः उत्तर नको.

आम्ही काही निवृत्त कलाशिक्षक आणि हौशी रंगभूमीवर नेपथ्य-प्रकाशाचं काम केलेले काही जण मिळून, ज्या शाळा हो म्हणतील तिथे विनामूल्य यायला तयार आहोत. मुलांना आम्ही शिकवू आणि तुमच्या शिक्षकांनाही दाखवू. आम्हाला हॉल हवा, शाळा सुटल्यावर दीड तास हवा आणि तो झाडायला शिपाईमामांवर भार नको, मुलंच झाडतील. पडदा वाळेपर्यंत दोन दिवस हॉलमध्ये बैठक ठेवू नका, एवढी एक अट.

आपली,
एक निवृत्त चित्रकला शिक्षिका,
सोलापूर